भयाची नांदी

मनुष्य भयापासून दूर पळतो आणि तेंच भय पैसे देऊन विकतही घेतो. रात्रीं जिन्यांत पाऊल वाजलें तर ज्याच्या अंगाला घाम फुटावा, तोच गृहस्थ सुटीच्या दिवशीं सहकुटुंब तिकिटें काढून अंधाऱ्या चित्रगृहांत जाऊन बसतो. तेथें काळजाचा ठोका चुकावा अशी अपेक्षा करतो. आणि तो चुकला नाहीं तर पैसे पाण्यांत गेले असें कुरकुरत घरीं परततो. भरतमुनींनीं आठ रसांत भयानकाची गणना केली, तेव्हांपासून या कोड्याचा विचार आपल्याकडे चालू आहे. अप्रिय भावापासून आनंद कसा निपजतो याचा ऊहापोह साहित्यशास्त्रज्ञांनीं पुष्कळ केला आहे; तो येथें पुन्हां उगाळण्याचा आमचा विचार नाहीं. आम्हांस विचारावयाचें आहे तें याहून साधें, पण रोजच्या व्यवहाराच्या अधिक जवळचें आहे. भय विकणाऱ्यानें तें घेणाऱ्याशीं कितपत प्रामाणिक असावें? रहस्यपट रचणाऱ्याचा धंदाच मुळीं प्रेक्षकाला अंधारांत ठेवण्याचा. मग त्याच्या बाबतींत प्रामाणिकपणा या शब्दाला कांहीं अर्थ उरतो काय?

या प्रश्नाचें उत्तर चित्रपटाच्या शेवटीं शोधण्याची सर्वांची रीत आहे. खुनी कोण निघाला, उलगडा पटला कीं नाहीं, यावरच आपण वाद घालतों. आमच्या मतें तें उत्तर शेवटापेक्षां आरंभीं अधिक स्पष्ट दिसतें. ज्या दोनतीन मिनिटांत पडद्यावर नटांचीं, लेखकाचीं, संगीतकाराचीं नांवें येतात, आणि पुष्कळ लोक ज्या वेळीं खुर्ची शोधणें किंवा मुलांना दटावणें हीं कामें उरकून घेतात, त्या नामावलींत तें आहे. आतां तर घरबसल्या चित्रें दाखविणाऱ्या कंपन्यांनीं आरंभ ओलांडून पुढें जाण्याची कळच देऊन ठेविली आहे. नेटफ्लिक्सनें ही सोय २०१७ सालीं सुरू केली. जी गोष्ट एका बोटानें वगळतां येते तिच्यांत नीतीचा प्रश्न कसला, असें कोणी विचारील. त्याला आमचें उत्तर एवढेंच कीं, न वाचतां सही केली म्हणून करार नाहींसा होत नाहीं.

करार हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. आपल्या जुन्या नाटककारांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. संस्कृत नाटकांत नांदी झाल्यावर सूत्रधार बोलूं लागतो, कवीचें व नाटकाचें नांव सांगतो, आणि बोलतां बोलतां प्रेक्षकांना कथेच्या उंबरठ्यावर आणून सोडतो. किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलांतही (१८८०) आरंभीं नांदी आहे, व नांदीचे सूर ऐकूं आले म्हणजे मराठी श्रोते सावरून बसत. पण आमच्या विषयाला सर्वांत जवळचें उदाहरण विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'चें. हेर, विषकन्या, बनावट पत्र, शत्रूच्या हातीं पडलेली मुद्रा, असें सर्व साहित्य त्यांत आहे. आजच्या भाषेंत त्याला रहस्यनाट्यच म्हणावें लागेल. त्याच्या प्रस्तावनेंत सूत्रधाराच्या घरीं ग्रहणानिमित्त ब्राह्मणभोजनाची तयारी चाललेली असते. क्रूर ग्रह चंद्राला ग्रासूं पाहत आहे, अशा अर्थाचे शब्द सूत्रधाराच्या तोंडून निघतात न निघतात तोंच, आपण उभे असतां चंद्रावर हात टाकणारा कोण, असें विचारणारा चाणक्याचा क्रुद्ध आवाज पडद्याआडून येतो. चाणक्यानें चंद्र या शब्दाचा अर्थ चंद्रगुप्त असा घेतलेला असतो. कवीचें नांव, कथेचा विषय, चाणक्याचा स्वभाव, आणि एका शब्दाचे दोन अर्थ होतात व त्यांवर राज्यें उलटूं शकतात ही सूचना, एवढें सर्व त्या लहानशा प्रवेशांत येऊन जातें. आणि विशेष हें कीं, त्यांत प्रेक्षकाला एकही खोटी गोष्ट सांगितलेली नाहीं.

चित्रपटाला ही कला उमगावयास बराच काळ लागला. आरंभीं नामावली म्हणजे बहुधा पाट्यांची रांग असे; कित्येक चित्रगृहांत ती संपेपर्यंत पुढचा कापडी पडदाही उघडीत नसत. १९५५ सालीं ऑटो प्रेमिंजर यांचा 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' हा चित्रपट आला, तेव्हां नामावलीपूर्वींच पडदा उघडावा अशी सूचना यंत्रचालकांसाठीं रिळांच्या डब्यांवर चिकटविलेली होती, असें सांगतात. त्या नामावलीचे कर्ते सॉल बॅस (१९२०–१९९६) हे मूळचे जाहिरातींचीं चित्रें रचणारे कलावंत. कथा मादक द्रव्याच्या आहारीं गेलेल्या माणसाची; बॅस यांनीं काळ्या भूमीवर पांढऱ्या पट्ट्या सरकवीत नेल्या आणि शेवटीं त्यांचा एक वेडावांकडा हात बनविला. सुई नाहीं, रक्त नाहीं, तळमळणारा देह नाहीं. तरी पाहणाऱ्याला जें समजावयाचें तें समजतें.

पुढें आल्फ्रेड हिचकॉक यांच्या तीन चित्रपटांसाठीं बॅस यांनीं जें काम केलें, तें या कलेचा पाठ म्हणून आजही पाहण्याजोगें आहे. तिन्हींचें संगीत बर्नार्ड हर्मन यांचें. 'व्हर्टिगो'च्या (१९५८) आरंभीं एका स्त्रीचा चेहरा अगदीं जवळून दिसतो. प्रथम ओठ, मग डोळे, मग एकच डोळा. त्या डोळ्यांतून चित्रपटाचें नांव वर येतें आणि त्यामागून एकामागून एक गरगर फिरणारीं वलयें बाहेर पडूं लागतात. हीं वलयें जॉन व्हिटनी यांच्या साहाय्यानें यंत्रावर रेखाटलेलीं होतीं. नायकाला उंचीचें भय आहे हें पुढें कळतें. स्त्रीच्या केसांच्या अंबाड्यांत व जिन्याच्या फेऱ्यांत तेंच वलय पुन्हां पुन्हां भेटतें. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'च्या (१९५९) आरंभीं हिरव्या भूमीवर तिरप्या व उभ्या रेघांची जाळी विणली जाते, आणि पाहतां पाहतां ती न्यूयॉर्कमधील एका उत्तुंग इमारतीच्या कांचेच्या भिंतींत विरघळते. खालीं वाहनें धांवत असतात, माणसें लगबगीनें जात असतात, आणि स्वतः हिचकॉक यांचें नांव येऊन जातें न जातें तोंच त्यांच्याच तोंडावर बसचें दार बंद होतें. एका निरपराध माणसाला चुकीच्या नांवानें पकडून या जाळ्यांतून पळवावयाचें आहे, आणि तें हंसत हंसत करावयाचें आहे, हे दोन्ही करार तेथें झाले. 'सायको'ची (१९६०) नामावली तर केवळ करड्या, काळ्या व पांढऱ्या पट्ट्यांची. पट्ट्या आडव्या उभ्या धांवतात, नांवांचीं अक्षरें दुभंगतात, क्षणभर जुळतात व पुन्हां फुटतात. मागें फक्त तंतुवाद्यांचा करकरता ताल. एक मन दोन ठिकाणीं चिरलेलें आहे, ही त्या कथेची मुख्य गोष्ट प्रेक्षकाच्या डोळ्यांना तेथेंच सांगून झालेली असते. त्याच्या बुद्धीला मात्र ती दीड तासानंतर उमगते.

या उदाहरणांवरून परिणामकारक नामावलीचें एक लक्षण निघतें. ती कथा सांगत नाहीं, कथेची जात सांगते. कोणत्या प्रकारचें भय पुढें वाढून ठेविलें आहे, तें बाहेरच्या शत्रूचें आहे कीं आंतल्या भेगेचें आहे, त्यांत विनोदाला जागा आहे कीं नाहीं, हें ती रंगांतून, गतींतून व अक्षरांच्या वळणांतून कळविते. आणि येथूनच आमच्या प्रश्नाला वाट फुटते. कारण नामावली हा प्रेक्षकाच्या स्वाधीनतेचा शेवटचा क्षण आहे. कथा एकदां सुरू झाली म्हणजे मन आपल्या ताब्यांत रहात नाहीं. किंबहुना तें राहूं नये अशीच दिग्दर्शकाची खटपट असते. परिनिरीक्षण मंडळाचें प्रमाणपत्र कोणत्या वयाच्या माणसानें पाहावें एवढें सांगतें. भयाची जात तें सांगत नाहीं. मुलांना घेऊन बसलेल्या आईबापांना उठावयाचें असेल तर तें येथें. बसावयाचें असेल तर समजून बसावयाचें तेंही येथेंच. म्हणून या क्षणीं खोटी ओळख करून देणें हा आमच्या मतें कलेचाच दोष नव्हे, नीतीचाही दोष होय.

परंतु खोटें सांगणें आणि लपविणें यांत अंतर आहे, आणि तें न ओळखल्यामुळेंच पुष्कळ गोंधळ होतो. हिचकॉक यांच्याशीं फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनीं १९६२ सालीं दीर्घ संभाषण केलें. तें १९६६ सालीं ग्रंथरूपानें निघालें. त्यांत हिचकॉक यांनीं दिलेला मेजाखालच्या बॉम्बचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. दोन माणसें मेजापाशीं बोलत बसलीं आहेत व एकाएकीं स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण मेजाखालीं बॉम्ब आहे हें प्रेक्षकाला आधींच ठाऊक असेल, तर तीच निरर्थक बातचीत त्याला पंधरा मिनिटें खिळवून ठेवते. अर्थात् उत्कंठेचें मूळ अज्ञानांत नसून ज्ञानांत आहे. 'मुद्राराक्षसां'त चाणक्याचे बहुतेक बेत प्रेक्षकाला ठाऊक असतात. ठाऊक नसतात ते बिचाऱ्या राक्षसाला, आणि म्हणूनच आपण त्याच्यासाठीं तळमळतों. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) ज्यांनीं पाहिला होता त्यांना, त्याच कथेवर निघालेल्या हिंदी 'मेरा साया'तील (१९६६) रहस्य नवें नव्हतें. तरी ज्याला कथेची गोडी आहे त्याला तें रहस्य ठाऊक असूनही दुसऱ्यांदा बसवतें. केवळ उत्तर लपविण्यावर जें चित्र उभें असतें तें एका दर्शनांत संपतें.

आतां लपविण्याचेंही पाहूं. 'सायको'तील नायिका अर्धा चित्रपट होण्यापूर्वींच मारली जाते. नामावलींत नटांच्या ओळींत शेवटीं, 'आणि' असें म्हणून, त्या भूमिकेच्या नांवासह जॅनेट ली यांचें नांव येतें. ती शेवटपर्यंत जगेल असें वचन चित्रपटानें कोठेंही दिलेलें नाहीं. तें आपल्या संवयीनें दिलेलें असतें. प्रसिद्ध नटीला मध्येंच मारीत नाहींत, हा आपलाच समज. दिग्दर्शकानें आपला समज मोडला, आपला विश्वास मोडला नाहीं. याउलट त्यांच्याच 'स्टेज फ्राइट'कडे (१९५०) पाहावें. त्याची नामावली एका नाट्यगृहाच्या पडद्यावर उमटते. मग तो पडदा वर जातो आणि मागें खरेंखुरें लंडन शहर दिसूं लागतें. थोड्याच वेळांत एक तरुण आपल्या मैत्रिणीला घडलेली हकीकत सांगतो, ती आपण डोळ्यांनीं पाहतों, आणि शेवटीं ती सर्व हकीकत खोटी निघते. कोणी म्हणेल, पडदा दाखवून त्यांनीं आधींच सुचविलें होतें कीं हें सर्व नाटक आहे. युक्तिवाद चतुर आहे, पण आम्हांस पटत नाहीं. जादूगार रुमालांतून कबूतर काढतो तेव्हां तो आपल्याला फसवितो, पण फसविणार असें सांगून फसवितो. त्याच गडबडींत त्यानें आपल्या खिशांतलें घड्याळ लांबविलें, तर 'मी जादूगार आहें हें पाटीवर लिहिलें होतें' ही सबब चालेल काय? पात्रानें खोटें बोलावें. तें त्या पात्राचें पाप. चित्रानें स्वतःच्या साक्षीनें खोटें दाखविलें म्हणजे प्रेक्षकापाशीं दुसरा साक्षीदारच उरत नाहीं. हिचकॉक यांनींही पुढें ही चूक मान्य केली.

सत्य सांगूनही अपराध घडूं शकतो, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. कॉनरॅड यांच्या 'द सीक्रेट एजंट' (१९०७) या कादंबरीवरून हिचकॉक यांनीं 'सॅबोटाज' (१९३६) काढला. त्याच्या नामावलीमागें शब्दकोशाचें पान आहे. घातपात या शब्दाचा अर्थच तेथें दाखविलेला आहे. इतकी स्वच्छ सूचना दुसरी कोणती असणार? पुढें एक लहान मुलगा नकळत बॉम्बचें पुडकें घेऊन लंडनच्या रस्त्यांतून निघतो, वाटेंत रेंगाळतो, बसमध्यें चढतो. प्रेक्षकाला सर्व ठाऊक असतें. आणि शेवटीं बॉम्ब उडतो, मुलगा जातो. हिचकॉक यांनीं पुढें तेंही चुकलें असें म्हटलें. प्रेक्षकांना राग आला, हें त्याचें कारण त्यांनीं दिलें. आम्हांस वाटतें, त्या रागांत विवेक होता. आपली काळजी जागी करून, तिला मिनिटामिनिटानें वाढवून, त्या काळजीची किंमत एका मुलाच्या देहानें वसूल केली, याचा तो राग होता. करार भयाचा झाला होता; वात्सल्याला गहाण टाकण्याचा झाला नव्हता.

नामावलीचें आणखी एक कर्तव्य आहे, तें पडद्यामागच्या माणसांविषयींचें. ज्यांनीं दिवे धरले, शिवण घातली, चित्रें जुळविलीं त्यांचें ऋण तेथें फेडावयाचें असतें. पण हें कर्तव्य प्रेक्षकाविषयींच्या कर्तव्याच्या आड आलें तर? ऑर्सन वेल्स यांच्या 'टच ऑफ इव्हिल'चा (१९५८) आरंभ तीन मिनिटांहून थोड्या अधिक लांबीच्या एकाच अखंड दृश्यानें होतो. एक हात मोटारीच्या मागल्या पेटींत बॉम्ब ठेवतो. ती मोटार मेक्सिकोच्या सरहद्दीकडे हळूहळू जाऊं लागते. एक नवविवाहित जोडपें तिच्या मागेंपुढें चालत असतें. आणि केव्हां काय होईल या धास्तीनें आपण त्या गर्दींत मोटारीला नजरेआड होऊं देत नाहीं. चित्रपट काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीनें नेमकीं याच दृश्यावर सर्व नांवें छापलीं व हेन्री मॅन्सिनी यांचें जोरकस संगीत घातलें. वेल्स यांनीं आपले आक्षेप ५८ पानांच्या टिपणांत मांडले, पण कंपनीनें त्यांतलें फारसें ऐकलें नाहीं. १९९८ सालीं वॉल्टर मर्च यांनीं त्या टिपणाबरहुकूम चित्रपट पुन्हां जुळविला. तेव्हां नांवें शेवटीं गेलीं आणि आरंभीं रस्त्यावरच्या गाण्यांचे व माणसांचे आवाज ऐकूं येऊं लागले. दोन्ही आवृत्त्या पाहणाऱ्याला सहज कळतें कीं, नांवांचा मान राखण्यासाठीं बॉम्बवर अक्षरें छापावीं लागत नाहींत. ऋण शेवटीं फेडलें तरी तें फिटतेंच. पण प्रेक्षकाचें लक्ष एकदां हिरावलें तें परत देतां येत नाहीं.

याच न्यायानें डेव्हिड फिंचर यांच्या 'सेव्हन' (१९९५) या चित्रपटांतील एक गोष्ट निर्दोष ठरते. त्यांत खुन्याचें काम करणाऱ्या नटाचें नांव आरंभीच्या नामावलींत नाहीं. तें शेवटच्या नामावलींत आहे. ओळखीचें नांव वाचून प्रेक्षक त्याची वाट पाहत बसेल, म्हणून तें लपविलें, मागाहून दिलें. हें लपविणें झालें, लबाडी नव्हे. पण त्याच नामावलीविषयीं आमचा दुसरा आक्षेप आहे. कायल कूपर यांनीं रचलेल्या या दोन मिनिटांच्या चित्रमालिकेंत एक माणूस वह्या शिवतो, छायाचित्रें कापतो, बोटांच्या टोकांची कातडी वस्तऱ्यानें सोलतो. खरवडल्यासारखीं अक्षरें थरथरत येतात व जातात. आपण खुन्याच्या मेजापाशीं बसलों आहों आणि त्याची चिकाटी न्याहाळीत आहों. कारागिरी असामान्य आहे, यांत शंका नाहीं. ती असत्यही नाहीं. पुढील चित्रपट याच मनाचा आहे. तथापि क्रौर्याला इतकें देखणें रूप मिळालें म्हणजे तें कथेपासून सुटें होतें. पुढें खरवडलेल्या अक्षरांची चाल सर्वत्र पडली. ज्या चित्रांना कांहींच सांगावयाचें नव्हतें त्यांनींही ती उचलली. मूळ चित्रपटांत बहुतेक खून घडतांना दाखविले नाहींत, त्यांचे परिणाम दाखविले, आणि ते पाहून खचलेला एक वृद्ध पोलीस अधिकारी दाखविला. तो संयम कोणी उचलला नाहीं. दुसऱ्याची वेदना नक्षी म्हणून वापरण्याची संवय अशीच लागते.

संयमानें काय साधतें याचा दाखला फ्रिट्झ लँग यांच्या 'एम्' (१९३१) या जर्मन बोलपटांत आहे. मुलांना मारणाऱ्या माणसाची ती कथा. आरंभीं दृश्य उमटण्यापूर्वींच एका मुलीचा आवाज ऐकूं येतो; अंगणांत मुलें गडी बाद करण्याचा खेळ खेळत असतात आणि त्या खेळाच्या ओळींत खुन्याचा उल्लेख असतो. मग शाळेंतून परतणाऱ्या मुलीची वाट पाहणारी आई, मांडलेलें ताट, रिकामा जिना. शेवटीं गवतावर घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून दिसतच नाहीं. मुलीचा देह दाखविला असता तर आपण डोळे मिटले असते. रिकामें ताट दाखविलें म्हणून ते मिटतां येत नाहींत.

इतकें ऐकून कोणी म्हणेल कीं, करमणुकीच्या गोष्टींत हा काथ्याकूट कशाला? प्रेक्षक अजाण नाहीं. सर्व खोटें आहे हें त्याला ठाऊक असतें. दोन घटका भ्यावें, हंसावें, घरीं यावें. या आक्षेपांत तथ्य आहे, पण अर्धेंच. कथा खोटी असते. भय खोटें नसतें. धडधडणारें काळीज खरें असतें, आणि तें कशासाठीं धडधडावयास शिकतें हेंही खरें असतें. कोणाचा जीव धोक्यांत आहे म्हणून धडधडलें, तर तो मनुष्यधर्माचा सराव झाला. नुसतें कांहींतरी भीषण दिसणार या अधीरतेनें धडधडलें, तर तो दुसऱ्याच कशाचा तरी सराव झाला. दोन्ही सराव एकाच खुर्चींत बसून घडतात व तिकिटाचा दरही एकच असतो; म्हणून फरक जपण्याची जबाबदारी मुख्यतः करणाऱ्याची आहे, आणि थोडी पाहणाऱ्याचीही आहे.

तेव्हां नामावली रचणाऱ्यापुढें आम्ही एकच कसोटी ठेवूं. चित्रपट संपल्यावर, सर्व उलगडा झाल्यावर, ती पुन्हां पाहावी. जी पहिल्यापेक्षां अधिक खरी वाटेल ती उत्तम. जिचा आतां कांहींच अर्थ लागत नाहीं ती निरुपयोगी. आणि जी पाहून आपण नागवलों गेलों असें वाटेल ती, कितीही सुंदर असो, अप्रामाणिक. 'व्हर्टिगो'चें वलय आणि 'सायको'च्या दुभंगलेल्या पट्ट्या या कसोटीला उतरतात, कारण त्यांनीं सर्व सांगितलें होतें. ऐकूं मात्र आपल्याला मागाहून आलें. वाचकांपुरतें सांगावयाचें तर, पुढच्या वेळीं घरीं चित्रपट लावतांना ती वगळण्याची कळ दाबूं नये, आणि मुलें जवळ बसलीं असतील तर तीं नांवें येत असतां त्यांच्याकडे एकदां पाहावें. पुढें काय येणार आहे हें त्यांना विचारलें तर तीं बहुधा बरोबर सांगतील. त्यांना तें सांगतां येणें हा त्यांचा हक्क आहे. आणि तें सांगतां येईल अशी नांदी रचणें हें कलावंताचें काम आहे.